कार्यक्रम नसला की सभासद गायब, काय करू?

पत्र: "ताई नमस्कार. कोथरूडमध्ये टेकडीवर झाडं लावणारी आणि जपणारी आमची छोटी संस्था आहे, मी तिची चिटणीस. सभासद ३४०, त्यातले शंभरेक आजीव. वर्षाला तीन मोठे कार्यक्रम करतो, जुलैत वृक्षारोपण, दिवाळीनंतर व्याख्यान आणि जानेवारीत स्नेहमेळावा. साठ-सत्तर लोक येतात, फोटो होतात, नाश्ता होतो, सगळे छान झालं म्हणतात आणि मग पुढच्या कार्यक्रमापर्यंत सगळं शांत. वर्गणी भरणारे दरवर्षी कमी होतायत. कार्यकारिणीचं म्हणणं की कार्यक्रम वाढवा, दर महिन्याला काहीतरी ठेवा. पण हॉल, माइक, नाश्ता, निरोप हे सगळं आम्ही चार-पाच जणच करतो आणि आता खरंच दमलोय. कार्यक्रमांशिवाय सभासद वर्षभर जोडलेले राहू शकतात का? एप्रिलमध्ये माझी मुदत संपतेय, सोडून द्यावं असंही मनात येतं."
एक चिटणीस, कोथरूड

नमस्कार,

पहिलं सांगते, दर महिन्याचा कार्यक्रम अजिबात सुरू करू नका. तीन कार्यक्रमांनी दमलेल्या चार-पाच माणसांनी बारा करायचे ठरवले तर दिवाळीपर्यंत ती चार-पाचही उरणार नाहीत, आणि येणारे लोक तेच साठ-सत्तर असणार, कारण ज्यांना कार्यक्रम आवडतात ते आत्ताही येतातच आहेत. तुमचा खरा प्रश्न उरलेल्या दोनशे सत्तर जणांचा आहे. त्यात कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची शनिवारी हिंजवडीत शिफ्ट असते, कोण मुलीकडे बंगलोरला गेलंय, कोणाला गर्दीत बसून भाषण ऐकायचा कंटाळा आहे. हे लोक संस्थेवर नाराज वगैरे नसतात हो. त्यांनी कधीतरी आपणहून खिशातून पैसे काढून पावती घेतली होती, म्हणजे टेकडीबद्दल त्यांना काहीतरी वाटत होतं, आणि ते वाटणं बहुतेक अजून तिथेच आहे, त्याला हात घालणारं कोणी भेटलेलं नाही.

तर हो, कार्यक्रमांशिवाय सभासद जोडलेले राहतात, आणि मला तर वाटतं तसेच जास्त घट्ट राहतात. कार्यक्रमात सभासद पाहुणा असतो. खुर्ची आपण मांडायची, चहा आपण द्यायचा, त्याने बसायचं, ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं, त्याच्या वाटणीचं काही कामच ठेवलेलं नसतं, त्यामुळे तो आला नाही तर कोणाचं काही अडत नाही आणि हे त्याला बरोब्बर कळतं. आपल्या पेठेतल्या गणपती मंडळात बघा, ज्या पोराकडे लाइटिंग असतं तो नोकरी लागली, लग्न झालं, राहायला वाकडला गेला तरी भाद्रपदात हजर होतो, कारण लाइटिंग त्याचं आहे. तुमच्या ३४० जणांपैकी किती जणांना असं 'हे माझं आहे' म्हणता येईल? ही संख्या वाढवायची, एवढंच काम आहे, आणि ते करायला हॉल लागत नाही.

आता तुम्हाला एक सोय आहे जी व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थांना नाही. तुमचं कामच मुळात वर्षभराचं आहे. झाड लावतात जुलैत आणि मरतं एप्रिलमध्ये, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. पावसाळ्यात खड्डा, रोप, फोटो सगळं जोरात होतं, ऑक्टोबरपर्यंत रोप आपलं आपण जगतं, आणि मग डिसेंबर-जानेवारीपासून टेकडीवरची माती दगडासारखी होते, गवत वाळतं, फेब्रुवारी ते मे पाणी लागतं, वणव्याची भीती असते, आणि नेमकं त्या काळात संस्था शांत असते कारण कार्यक्रम नाही. म्हणजे ज्या चार महिन्यांत टेकडीला माणसांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यांत आपण सभासदांना काहीच विचारत नाही. जानेवारीच्या स्नेहमेळाव्यात लोकांना खाऊ घालून घरी पाठवतो आणि पंधरा दिवसांनी पाण्याला माणसं नाहीत म्हणून टँकर शोधतो.

तर झाडं नावावर करा. गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत लावलेली जी झाडं आज जिवंत आहेत ती मोजा, प्रत्येकाला नंबर द्या, खिळा ठोकून नाही हं, शेजारी छोटा दगड रंगवून ठेवला तरी चालतो, आणि सभासदांना विचारा, तुम्ही कोणतं घेता? वेताळ टेकडीवर रोज सकाळी शेकडो लोक फिरायला येतात, त्यातले कितीतरी आपणहून हातात पाण्याची बाटली घेऊन चढतात आणि वाटेतल्या एखाद्या झाडाला घालतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ही सवय पुण्यात आहेच, तिला नंबर आणि नाव द्यायचं. आठवड्याला पाच-सात लिटर पाणी, आळं नीट ठेवायचं, बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घालायचं म्हणजे ओल टिकते, आणि महिन्यातून एकदा एका ओळीचा निरोप पाठवायचा: "४७ नंबर करंज, पाणी घातलं, वरच्या बाजूला नवी पालवी आहे." झालं. हा माणूस आता स्नेहमेळाव्याला आला नाही तरी संस्थेत आहे, उलट तो गावाला जायच्या आधी स्वतः फोन करून विचारेल की पंधरा दिवस माझ्या करंजाला कोण बघेल.

आणि झाड मेलं तर मेलं म्हणून कळवा. आपल्याकडे संस्थांना वाटतं वाईट बातमी दिली की लोक जातील, मला तसं कधी दिसलेलं नाही. ज्याचं झाड वणव्यात गेलं त्याला फोन करून सांगितलं, की आपलं ४७ नंबर गेलं, पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात काय लावूया, तर तो माणूस अजून जवळ येतो. लपवलं आणि त्याला फिरायला गेल्यावर काळा बुंधा दिसला तर मात्र गेला.

टेकडी चढता न येणाऱ्यांचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त माणसं तुम्हाला इथेच मिळतील. घराजवळच्या झाडाची नोंद ठेवता येते. सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे, त्यात लोक आपल्या घराजवळचं, शाळेतलं, रस्त्यावरचं एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला बघून नोंदवतात की पालवी आहे का, कळ्या आहेत का, फूल, फळ किती. गॅलरीतून दिसणारा बहावा सुद्धा चालतो. हे करायला पाच मिनिटं लागतात, पण माणूस बावन्न आठवडे झाडाकडे बघतो, आणि पळस कधी फुलला, ताम्हण यंदा लवकर आली का, हे त्याला बोलावंसं वाटायला लागतं. अशा वीस जणांच्या नोंदी एकत्र आल्या की तुमच्या भागाचं फुलांचं कॅलेंडर तयार होतं, ते संस्थेचं स्वतःचं काम असेल, कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचं.

पेपर वाचणारे लोक आहेत ना तुमच्यात? शहरात झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे, आणि त्यासाठी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. या सूचना पेपरात बारीक अक्षरात येतात आणि कोणी वाचत नाही. सकाळी चहाबरोबर दोन पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे काका-काकू प्रत्येक संस्थेत असतात, त्यांना हे काम द्या, कोथरूड, कर्वेनगर, बावधन, पौड रस्ता एवढ्या भागातली सूचना दिसली की कात्रण किंवा फोटो तुम्हाला पाठवायचा. तिकडून हिंजवडीत काम करणारी जी मंडळी आहेत, जी रविवारी उठूच शकत नाहीत, त्यांच्यापैकी कोणी झाडांची एक्सेल शीट सांभाळेल, कोणी नकाशावर खुणा करेल, कोणी माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहून देईल. रात्री अकरा वाजता घरून करता येतील अशी ही कामं आहेत, आणि तशा वेळचं काम मागितलं तर ते लोक आनंदाने करतात.

पण कोण काय करू शकतं हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी फोन करावे लागतील, याला पर्याय नाही. गूगल फॉर्म पाठवू नका, भरणारे परत तेच साठ असतात. कार्यकारिणीत समजा आठ जण आहात, ३४० नावं वाटून घेतली तर प्रत्येकाला चाळीस-बेचाळीस येतात, आठवड्याला पाच फोन केले तरी दोन महिन्यांत संपतात. फोनवर पैशांचा विषय काढायचा नाही, कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं नाही. विचारायचं एवढंच की तुम्ही सभासद कसे झालात, टेकडीवर अलीकडे गेलात का, काय बघून बरं वाटलं किंवा वाईट वाटलं, आणि महिन्यातला एखादा तास द्यायचा झाला तर काय करायला आवडेल. आणि ऐकायचं. लोक पहिली दोन मिनिटं बिचकतात, त्यांना वाटतं वर्गणीचा फोन आहे, पण एकदा कळलं की तसं नाही, मग पुढे बोलतच राहतात, कोण सांगतं की वडिलांबरोबर लहानपणी याच टेकडीवर यायचो, कोण सांगतं की तुमच्या गेल्या वेळच्या रोपांना पाणीच घातलं नाही कोणी. दोन्ही लिहून घ्या.

लिहून घ्या म्हणजे खरंच वहीत. मी म्हणते ती ओळ साधारण अशी दिसते: "कर्वेनगर, निवृत्त, टेलिफोन खात्यात होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढता येत नाही, अक्षर सुंदर, दुपारी चारनंतर फोन, पत्नीला पक्ष्यांची आवड." आता या एका ओळीत दोन माणसं आणि दोन कामं आहेत. या काकांना पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणून द्या आणि दर महिन्याला जे नवे सभासद होतील त्यांना चार ओळी स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा. हाताने लिहिलेलं पत्र आता घरी येतंच नाही कोणाच्या, ते आलं की लोक फ्रिजवर लावून ठेवतात. आणि काकूंना पक्ष्यांची नोंद. ही वही संस्थेची सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे असं समजून सांभाळा, त्यात लोकांच्या तब्येतीच्या, घरच्या गोष्टी असतात, ती व्हॉट्सॲपवर फोटो काढून फिरवायची नाही.

आजीव सभासदांबद्दल थोडं जास्त बोलते कारण आपल्याकडच्या संस्थांची ही ठसठसती जागा आहे. आजीव म्हणजे एकदा पावती फाडली की विसरायचं, असं झालंय. वार्षिकवाल्याला निदान वर्षातून एकदा वर्गणीसाठी तरी फोन जातो, आजीवला तोही नाही. ज्याने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त विश्वास टाकला त्याच्याशी आपलं बोलणं सगळ्यात कमी. तुमच्याकडे असे शंभर आहेत, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. काहींचे पत्ते बदलले असतील, काही गेले असतील, ते कळल्यावर घरच्यांशी दोन शब्द नीट बोला, कितीतरी वेळा मुलगा किंवा सून म्हणते की बाबांचं झाड अजून आहे का. तुमचे अध्यक्ष ज्येष्ठ असतील तर हे शंभर फोन त्यांच्याकडे द्या, जुनी माणसं त्यांच्या ओळखीची असणार आणि त्यांचा फोन आल्याचं लोकांना अप्रूप वाटेल. दर महिन्याला कार्यक्रम हवा असं जे म्हणतायत त्यांना स्टेजची हौस आहे असं धरून चालू नका, त्यांनाही माणसं भेटायला हवी असतात, आणि या फोनवर ती भेटतात.

आता व्हॉट्सॲप. तुमचा ग्रुप असेलच आणि त्यावर सुप्रभात, सुविचार, मधूनच कोणाचं तरी राजकारण चालत असेल आणि निम्म्या लोकांनी तो म्यूट केलेला असेल. तो बंद करायच्या भानगडीत पडू नका, भांडणं होतात, ज्यांना गप्पा मारायच्यात त्यांना मारू दे. संस्थेचा निरोप वेगळ्या वाटेने पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, आपल्याला वाटतं पाठवला आणि तिकडे पोचलेलाच नसतो. म्हणून त्या पहिल्या फोनवरच सांगायचं, हा संस्थेचा नंबर सेव्ह करून घ्या. नाहीतर कम्युनिटी करून त्यात घोषणांचा ग्रुप ठेवा, तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि बायकांना विशेषतः ते बरं वाटतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा बघत नाहीत त्यांची नावं वेगळी काढा, त्यांना शेजारच्या सभासदाने फोनवर वाचून दाखवायचं.

महिन्यातून एकच निरोप, दर वेळी त्याच तारखेला, आणि त्यात काय लिहायचं तर लोकांच्या पैशांचं आणि कष्टांचं काय झालं ते. नमुना देते, आकडे माझ्या मनाचे आहेत, तुमचे घाला:

"नमस्कार. मार्चची खबर. दक्षिण उतारावरच्या १२० झाडांपैकी ९७ जिवंत आहेत. २३ गेली, त्यातली बरीचशी ११ तारखेच्या वणव्यात. तिघा सभासदांनी वेळेवर फोन केला म्हणून आग वरच्या पट्ट्यात गेली नाही. टँकरवर ४,२०० रुपये खर्च झाले. पळस संपत आलाय, करंजाला पालवी आहे. या महिन्यात एकच मदत हवी, पाच लिटरचे रिकामे कॅन, १५ तारखेपर्यंत, कोणाकडे असतील तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ."

एवढंच. 'आपल्या सर्वांच्या सहकार्याने संस्था प्रगतिपथावर आहे' हे वाक्य कृपा करून कधीच लिहू नका, ते कोणी वाचत नाही. मदत एकच मागा आणि अशी मागा की माणूस सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात जाऊन कॅन बघेल. आणि पुढच्या महिन्याच्या निरोपात पहिली ओळ हीच, किती कॅन आले आणि ते कुठे वापरले. मागितलं, मिळालं, त्याचं काय झालं ते सांगितलं, हे चक्र पूर्ण व्हायला पाहिजे, बहुतेक संस्था मागतात आणि पुढचं सांगतच नाहीत, मग लोक तिसऱ्यांदा देत नाहीत.

अजून एक गोष्ट, जी कार्यकारिणीला कदाचित रुचणार नाही पण सांगायला हवी. सभासदाला मत असतं आणि ते आपण विचारत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत खाली एक ओळ छापलेली असते, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. नियमाला धरून असेल, पण वाचणाऱ्याला काय कळतं? की तुम्ही आलात काय न आलात काय, आमचं होऊन जाईल. याच पुण्यात १८७० साली लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा ही संस्था निघाली तेव्हा तिचा सभासद व्हायला किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, म्हणजे सभासद व्हायचं तर आधी पन्नास लोकांशी बोलून त्यांचा विश्वास मिळवायला लागायचा. सभासद या शब्दाला तेवढं वजन होतं. तुम्ही तेवढं करू नका, पण तीन महिन्यांतून एकदा एक खरा निर्णय सभासदांपुढे ठेवा. खरा म्हणजे ज्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवलेलं नाही असा. यंदाचे तीस हजार पाण्याच्या टाकीवर घालायचे की जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायला मजूर लावायचे, नवीन झाडं लावायची की आहेत ती जगवायची. पोल टाका, पोलवर न येणाऱ्यांना फोनवर विचारा, आणि जे ठरेल ते करा, तुमच्या मनाविरुद्ध ठरलं तरी करा. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले ते नाश्त्यासाठी नव्हते आले, त्यांना वाटत होतं की टेकडीचं काय करायचं यात आम्हाला बोलायचंय.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी ही आठवणीची गोष्ट आहे, लोक नाही म्हणत नाहीत, विसरतात. ज्यांना चालेल त्यांना यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता जायची सोय, लावून द्या, वर्षाला एकदम द्यायच्या ऐवजी महिन्याला पन्नास किंवा शंभर. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही आणि पैसे जायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, हे समजावून सांगा म्हणजे ज्येष्ठ लोक घाबरत नाहीत, आणि बंद कसं करायचं तेही त्याच वेळी दाखवा. लहान रकमेला कमी लेखू नका, अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. वर्गणीव्यतिरिक्त कोणी देणगी देत असेल आणि तुमच्याकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) असेल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही, हे घेतानाच सांगा, मार्चमध्ये नाही. आणि वर्गणीची आठवण देताना त्या माणसाच्या झाडाचा नंबर त्यात असू दे.

नवीन सभासद झाला की पहिला महिना फार महत्त्वाचा असतो. पावती त्याच दिवशी, पोस्टकार्ड आठवड्यात, आणि त्याच्याच भागात राहणाऱ्या एका सभासदाचा फोन. भागाप्रमाणे माणसं नेमा, एकाकडे दहा-पंधरा घरं, जास्त नाही, ही माणसं तुमच्या आणि ३४० जणांच्या मधली साखळी होतील आणि तुमच्यावरचा भार खरा इथे कमी होईल. सोसायटीत राहणाऱ्याला त्याच सोसायटीतला सभासद भेटला तर दोघं मिळून सकाळी टेकडीवर जायला लागतात, आपल्याला काहीच करावं लागत नाही.

वेळ कुठून आणायचा, तर व्याख्यान यंदा रद्द करा. हॉलचं भाडं, माइक, नाश्ता आणि त्याच्या आधीचे तुमचे तीन आठवडे मोकळे होतील, त्यात सगळे फोन बसतात. स्नेहमेळावा ठेवा, लोकांना भेटावंसं वाटतं आणि त्यात वाईट काही नाही, पण तो हॉलमध्ये न घेता टेकडीच्या पायथ्याशी सकाळी साध्या चहावर घ्या आणि तिथेच उन्हाळ्याच्या पाण्याच्या पाळ्या वाटून टाका. कार्यकारिणीला पटवताना हजेरीचे आकडे बाजूला ठेवा. दर तीन महिन्यांनी एवढंच मोजा की ३४० पैकी किती जणांनी या काळात संस्थेसाठी काहीतरी केलं, पाणी, नोंद, कात्रण, फोन, कॅन, मत, काहीही. आज तो आकडा कदाचित पंधरा असेल. वर्षभरात शंभरावर गेला तर वर्गणीची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही. काही लोक तरीही जातील, त्यांना एक फोन करून कारण विचारा, ऐका, आणि धन्यवाद म्हणून सोडून द्या.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल, जी मला सगळ्यात जास्त लागली. दमून सोडायचा विचार येणं अगदी साहजिक आहे, तुम्ही इतकी वर्षं पाहुण्यांची सरबराई करत आलात, कोणीही दमेल. पण आज ठरवू नका. आधी आजीवांतले दहा फोन स्वतः करा, अध्यक्षांकडे नव्वद जाऊ देत, हे दहा तुमचे. त्यानंतरही वाटलं की नाही, आता पुरे, तर अजिबात अपराधी वाटून घेऊ नका, एप्रिलमध्ये मोकळ्या व्हा. फक्त जो नवीन चिटणीस येईल त्याच्या शेजारी बसून ती वही पहिल्या पानापासून वाचून दाखवा, कार्यकारिणी बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातोय ना ते बघा, आणि टेकडीवरचं एक झाड स्वतःच्या नावावर घ्या.